भाऊंकडं अडकलेले डबे

नोकरीभर मी एकच वाक्य ओरडत आले, "पुढं सरका, पुढं जागा हाय!" कन्नड गावाच्या एसटीवर कंडक्टर होते मी. बाजाराच्या दिवशी मिरच्यांची पोती, टोपलीतल्या कोंबड्या, नवी नवरी, जुना नवरा, सगळ्यांना आत घेतलं. ड्रायव्हर म्हणायचे, "बाई, गाडीत हवेपुरती तरी जागा ठेवा." मी म्हणायचे, गाडीत जागा कधीच नसते, ती करावी लागते. पुढं रिटायर झाले, खांद्यावरची बॅग उतरली, पण आवाज काही उतरला नाही. गल्लीत अजूनही मला सगळे कंडक्टरबाईच म्हणतात. आणि अशा बाईला स्वतःच्याच घरात जागा पुरेना, याला काय म्हणावं? कपाळ माझं!

पुंडलिकनगरात आमचं घर आहे, त्याला बाहेरून जिना आहे. जिन्याखाली आमच्या ह्यांची स्कूटर असायची. हे गेले, मग मुलानं स्कूटर विकली आणि ती जागा नुसतीच राहिली. येता-जाता माझी नजर तिथं जायची आणि मी ती वळवायचे. लॉकडाऊन लागला तेव्हा मागच्या गल्लीतली आपा एक दिवस तांदळाची कोठी डोक्यावर घेऊन आली. ही आपा लग्नाचे घागरे शिवते. आमची मैत्री माझ्या मुलीच्या लग्नापासूनची, म्हणजे चांगली मुरलेली. ती म्हणाली, "बाई, लोगां भुके हैं, पर मांगते नै. शरम लगती. यां रख, जिसकू होना वो लेके जाएंगा." मी शेजारी ज्वारीचं पोतं ठेवलं. खिळ्याला मापटं अडकवलं. नाव विचारायचं नाही, कारण विचारायचं नाही. ज्याला लागेल त्यानं मापून न्यावं.

लॉकडाऊन उठला, पण लोक यायचे थांबले नाहीत. पोटाला कुठं माहीत असतं, सरकारनं काय उठवलं आणि काय बसवलं ते. काम सुटलेला रंगारी यायचा, धुण्याभांड्याच्या बाया यायच्या, परीक्षेची तयारी करायला खेड्यातून आलेल्या, खोलीवर हातानं करून खाणाऱ्या पोरी यायच्या. त्या जागेला कुणी नाव दिलं नाही. "जरा जिन्याखाली जाऊन येते," एवढंच म्हणायचे.

ज्यांच्याकडं भांडं नसायचं त्यांना मी माझ्या डब्यात धान्य द्यायचे. आता आपल्याकडं दुसऱ्याचं भांडं कुणी रिकामं परत देतं का? डबा यायचा तो काहीतरी घेऊनच. कधी चार लिंबं, कधी कढीपत्ता, कधी गावाकडून आलेल्या चिंचेचा गोळा. एका म्हातारीकडं काहीच नव्हतं, तर तिनं डब्यात तुळशीच्या मंजुळा घातल्या. मी रागावले तिला, "अहो, कशाला?" तर म्हणाली, "रिकामा कसा देऊ, बाई? घराला बरं नसतं." घेणारे असे द्यायला लागले, मग गल्ली द्यायला लागली, मग कन्नडकडचे माझे जुने प्रवासी शहरात येताना बाजरीची पिशवी टाकून जायला लागले. जिन्याखालची जागा भरली. मग जिना भरला. मग माझी बाहेरची खोली. सोफ्यावर तुरीची डाळ बसायची आणि पाहुणे उभे राहायचे. सून बिचारी गरीब, काही बोलत नव्हती. मुलगा मात्र म्हणाला, "आई, हे घर आहे का धान्याचा मोंढा?"

आणि गेल्या वर्षी पावसाळ्यात जिन्याखाली पाणी शिरलं. पोत्यांना खालून ओल लागली, आम्हाला कळलंच नाही. उघडून बघतो तर ज्वारी काळी पडलेली, वास मारणारी. ती फेकावी लागली. लोकांनी आपल्या तोंडचं काढून दिलेलं धान्य मी माझ्या हातानं उकिरड्यावर ओतलं. मी रडले, खोटं कशाला बोलू. आपा म्हणाली, "ये गुन्हा है, बाई. अगले पानी के पैले बडी जगा देख. नै तो बंद करेंगे अपन." मी तिच्यावर खेकसले, पण बोलली ते खरं होतं. म्हणजे पुढच्या पावसाच्या आत जागा मिळवायची, नाहीतर जिन्याखालचं सगळं बंद. आणि मग त्या पोरी, तो रंगारी, ती मंजुळावाली म्हातारी, ही माणसं कुठं जाणार होती?

जागा शोधायला आम्ही दोघी पायाला भिंगरी लावून फिरलो. औरंगपुऱ्यात एकानं दुकानामागची खोली दाखवली. तिथं रिक्षा शिरेना, मग म्हातारी माणसं काय शिरणार? एका भल्या गृहस्थानं मोठा हॉल देऊ केला, पण दारावर त्यांचा बोर्ड लावायचा आणि धान्य देताना फोटो काढायचे. आपानं त्यांना हात जोडले आणि चप्पल घातली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं आमचं झालं होतं. कारण जागा आमच्याच गल्लीत होती, माझ्या दारातून दिसणारी. बंद पडलेली पिठाची गिरणी.

रस्त्यापासून चांगली उंच, पायऱ्या चढून जायची. कोरडी ठणठणीत. आत मागं मोठी खोली. धान्याला याहून चांगलं सासर कुठं मिळणार होतं? पण गिरणी होती भाऊंची, आणि भाऊ कुणाशी बोलत नव्हते.

आधी असे नव्हते ते. गिरणी दोघं नवरा-बायको चालवायचे. वहिनी डोक्याला पंचा बांधून बुटक्या स्टुलावर चढायची, वरच्या तोंडात धान्य ओतायला डबा धरायची आणि ओरडायची, "हं, सोडा!" मग भाऊ बटण दाबायचे. गल्लीत दोनच आवाज मोठे, एक तिचा आणि एक माझा. पीठ बारीक का जाड, ते ती चिमटीत धरून सांगायची. एकदा एक नवी भाडेकरीण भांडायला लागली, तिच्या गव्हात आधीच्या कुणाची बाजरी आली म्हणून. वहिनी हसून म्हणाली, "अहो ताई, गिरणीत कुणाचं पीठ एकट्याचं राहत नसतंय. त्यांचं थोडं तुम्हाला, तुमचं थोडं पुढच्याला. चालायचंच." मग वहिनीला ताप आला, दवाखान्यात नेली ती परत आलीच नाही. मूलबाळ नव्हतं. भाऊंनी शटर ओढलं ते ओढलंच. दळण घेऊन गेलं की म्हणायचे, मोटार जळाली.

आम्ही दोघी गिरणीच्या वर, भाऊंच्या घरी गेलो. भाऊंनी दार अर्धंच उघडलं.

"भाऊ, धान्य ठेवायला गिरणीची जागा पाहिजे होती. पावसाळ्याच्या आत," मी म्हणाले.

"मोटार जळालीय."

"मोटार कुणाला पाहिजे? जागा पाहिजे."

"जागा बी जळालीय," ते म्हणाले आणि दार लावलं.

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! भर गल्लीत मी बोलायला सुरुवात केली, तर आपानं माझा दंड धरून ओढलं. "कायकू चिल्लाती गे? उनका मुंह देखी क्या तू? वो आदमी खाता नै." खरंच की. सदऱ्यात माणूस होता का नुसताच सदरा, असा प्रश्न पडावा. किराणावाला म्हणाला, भाऊ फक्त बिस्किटाचे पुडे नेतात. आणि त्यांच्या खिडकीतून आमचा जिना सरळ दिसत होता. सगळी गल्ली तिथून धान्य नेत होती, पण हे आले नाहीत. यायचे नव्हतेच ते, जन्मभर दुसऱ्यांचं दळण दळलेला माणूस.

संध्याकाळी मी पिठलं-भाकरी केली आणि डब्यात घालून नेऊन दिली. भाऊंनी डबा बघितला, माझ्याकडं बघितलं, "ठेवा" म्हणाले. दुसऱ्या दिवशी वांग्याची भाजी, वेगळ्या डब्यात. मग वरण, मग मुगाची खिचडी. आपाकडं बिर्याणी झाली की तीही माझ्याच डब्यातून जायची. भाऊ दारातून घ्यायचे, पण डबा काही परत यायचा नाही. एक नाही, दोन नाही, माझी मांडणी मोकळी व्हायला लागली. शेवटी मी माझा ड्युटीचा डबा काढला. कडीचा, माझं नाव कोरलेला, ज्यातून मी कन्नडच्या स्टँडवर उभ्या उभ्या जेवले तो. तोही गेला आणि तिकडंच राहिला.

त्या दिवशी भाऊ पहिल्यांदा जास्त बोलले. "कंडक्टरबाई, आवळा देऊन कोहळा काढायचाय व्हय?"

लागलं मला ते. आता, कोहळा मला पाहिजेच होता, झाकून काय ठेवायचं त्यात? पण आवळा काही मी त्यासाठी दिला नव्हता. एकट्यासाठी भाकरी थापायची आणि ती एकट्यानं खायची, हे काय असतं ते मला माहीत आहे. हे गेले तेव्हा मुलगा-सून नोकरीच्या गावी होते, कितीतरी दिवस मी उभ्यानं चहा-बिस्किटावर काढले होते.

घरी आले तर खिचडी काढायला एक धड डबा नाही. माझा पारा चढला. जागा देत नाहीत तर नका देऊ, वर मला टोमणे मारता, आणि माझे डबेही ठेवून घेता? तरातरा गेले, दार ढकललं आणि सरळ आत शिरले.

"भाऊ, माझे डबे द्या!"

भाऊ खाटेवर बसले होते. त्यांनी स्वयंपाकघराकडं बोट केलं. ओट्यावर माझे सगळे डबे होते. घासलेले, पुसलेले, एका ओळीत पालथे घातलेले. ड्युटीचा डबा तर असा चकचकीत की मी नवा घेतला तेव्हाही नव्हता.

"अहो, धुऊन ठेवलेत तर द्यायचे नाहीत का?"

"रिकामे कसे द्यायचे?"

मी उचललेला डबा परत पालथा ठेवला.

"तुमची वहिनी होती तवा बघायची ती," भाऊ म्हणाले. "कुणाचं भांडं आलं का त्यात काय ना काय घालायची. मला नाय कळत काय घालायचं. घरात काय हायच नाय तसं. रोज धुतो, रोज बघतो आन् ठेवून देतो. आज नाय तर उद्या काय तरी घालून देऊ म्हणतो."

मी समजत होते, माणूस आढ्यताखोर आहे, फुकटचं घेऊन बसलाय. आणि इथं हा माणूस रोज माझे डबे घासत होता आणि त्यात घालायला काही नाही म्हणून कुढत होता.

"द्या तसेच. मी काही मनात आणणार नाही," मी म्हणाले.

"नाय. तिनं जन्मात कधी रिकामं भांडं दिलं नाय."

मला रडू येत होतं, आणि मला रडू यायला लागलं की मी भांडते. ही माझी जुनी खोड. मी ओरडलेच, "घालायला काही नाही काय म्हणता, भाऊ? खाली अख्खी गिरणी पडलीय तुमची! सगळ्या गल्लीचे डबे ज्या गिरणीनं भरले ती कुलपात घातली, आणि वर म्हणता, घरात काही नाही!"

भाऊ मान खाली घालून बसले. माझ्या जिभेला हाड नाही, काय करू? मी डबे तसेच ठेवून आले.

मग मी भाकरी फडक्यात बांधून द्यायला लागले. फडक्याला असला काही नियम नसतो. दुसऱ्या दिवशी फडकं धुऊन, घडी घालून माझ्या दाराच्या कडीला लावलेलं असायचं. आमचं बोलणं तेवढंच. आपा म्हणायची, "फडका आरा ना वापस? बस्स. खा रा वो आदमी."

उन्हाळा सरत आला. कन्नडकडून एका जुन्या प्रवाशानं नवी ज्वारी पाठवली आणि ती ठेवायला जागाच राहिली नाही. आभाळ भरून यायला लागलं तसा आपानं विषय काढला. आता आलेलं वाटून टाकू आणि नवीन घ्यायचं नाही. त्या रविवारी जिन्यासमोर ही गर्दी झाली. मी मापटं हातात घेऊन सवयीनं ओरडत होते, "पुढं सरका, थांबू नका, पुढं सरका!" आपा हळूच म्हणाली, "बाई, देख."

रांगेच्या शेवटी भाऊ उभे होते. हातात पिशवी नाही, डबा नाही. लोक बाजूला झाले. भाऊ सरळ पोत्यापाशी आले, सदऱ्याची बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात ज्वारीत घातला. तळची मूठभर काढली, हुंगली, दोन दाणे दाताखाली चावले.

"ओल धरायलीय," ते म्हणाले. "हितं नाय राहत धान्य. अशानं कडू होतंय."

"मग कुठं ठेवू, भाऊ? माझ्या डोक्यावर?"

भाऊंनी खिशातून किल्ली काढली आणि त्या ज्वारीवर ठेवली.

शटर वर गेलं तेव्हा आतून जुन्या पिठाचा वास आला. जाळ्या, धूळ, उंदरांच्या लेंड्या. आपानं पदर खोचला, पोरींनी केरसुण्या घेतल्या. भिंतीवर वहिनीचा पंचा खिळ्याला तसाच होता, पिठानं कडक झालेला. एक पोर तो काढायला गेली तशी आपा म्हणाली, "उसकू हात नक्को लगा." झाडून-पुसून झालं, फळ्या टाकल्या, कोठ्या लावल्या, माझ्या घरातली सगळी पोती तिकडं गेली. पंचा मात्र तिथंच राहिला. भाऊ कोपऱ्यात मोटार खोलून बसले होते. ती जळाली-बिळाली नव्हती, पट्टा तेवढा सुटला होता. मोटार धड आहे हे सगळ्या गल्लीला आधीच माहीत होतं, पण कुणी बोललं नाही. भाऊंनी नवा पट्टा घातला, गुळगुळीत झालेल्या दगडांना छिन्नीनं टाकी लावली. म्हणाले, नुसतं धान्य नेऊन काय करतील बाया, दळायला पुन्हा बाहेर जावं लागतंय.

गिरणी सुरू करायच्या दिवशी सगळे जमले. भाऊंनी स्वतः पहिलं दळण घेतलं, त्या ओल धरलेल्या पोत्यातली ज्वारी, आधी उन्हात घालून कडकडीत वाळवलेली. ती वरच्या तोंडाशी डब्यात तयार ठेवली आणि बटणापाशी जाऊन उभे राहिले. हात बटणावर. आणि दाबेनातच. आम्ही वाट बघतोय. कुणीतरी कुजबुजलं, मोटारीत काही राहिलंय का. भाऊ आपले त्या बुटक्या स्टुलाकडं बघतायत. आणि मला एकदम कळलं. ते थांबलेत. इतकी वर्षं वरून आवाज आल्याशिवाय त्यांनी बटण दाबलेलंच नव्हतं.

मी माणसं बाजूला सारत पुढं गेले. स्टुलावर चढले. ज्वारीचा डबा दोन्ही हातांनी धरला आणि कन्नडच्या स्टँडवर या टोकाचं त्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "हं, सोडा, भाऊ!"

बटण दाबलं गेलं. पट्टा फडफडला, दगड फिरला, आणि सगळी गिरणी हादरायला लागली. मी ज्वारी ओतत होते आणि मला समोरचं काही दिसत नव्हतं. खाली भाऊ पाठ करून उभे होते, पंचाकडं तोंड करून. नंतर म्हणाले, डोळ्यात पीठ गेलं. मी म्हणाले, माझ्याही गेलं.

लोक आजही "जिन्याखाली जाऊन येते" म्हणतात आणि पायऱ्या चढून गिरणीत जातात. पाऊस पडला, चांगला पडला, पण दाणा भिजला नाही.

गिरणी सुरू झाली त्याच दिवशी संध्याकाळी माझ्या दाराची कडी वाजली. बाहेर भाऊ उभे. हातात एकावर एक रचलेले माझे डबे, हनुवटीनं धरलेले, सगळ्यात वर ड्युटीचा डबा.

"घ्या तुमचे डबे," ते म्हणाले. "रिकामे नायत."

मी वरचा डबा घेतला तर हाताला ऊब लागली. झाकण काढलं. ज्वारीचं पीठ, नुकतं दळलेलं, अजून गरम. सगळे डबे काठोकाठ भरलेले. भाऊ डबे ठेवून वळले, पायऱ्या उतरायला लागले.

"आता कुठं निघालात?" मी म्हणाले. "एवढ्या पिठाच्या भाकऱ्या कोण खाणार? या आत. पुढं सरका, जागा हाय."

भाऊ आले, आणि ज्या सोफ्यावर वर्षभर तुरीची डाळ बसली होती त्यावर बसले. मी परात घेतली.